स्वप्नं वेगळी असू देत, ठराव एक करा

वाचक भगिनीचं पत्र:

"कोकणातल्या आमच्या सात गावांत एमआयडीसीसाठी जमीन घेणार म्हणून पावणेदोन वर्षांपूर्वी औद्योगिक विकास कायद्याच्या कलम ३२(२)च्या नोटिसा आल्या. तेव्हापासून आम्ही लढतोय. सातही ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले, प्रांत कार्यालयावर मोर्चे नेले, मोजणीला आलेली माणसं बायकांनी बांधावरून परत पाठवली. मी संघर्ष समितीची सचिव आहे. आता मुंबईच्या ग्रामस्थ मंडळातली शिकलेली मुलं आणि त्यांच्या ओळखीची एक संस्था म्हणतात, की नुसतं 'नको नको' करून चालत नाही, सात गावांचं मिळून एक 'व्हिजन स्टेटमेंट' पाहिजे. शाळेत कार्यशाळा झाली, भिंतीभर चार्ट पेपर लागले. पण त्या एका पानासाठी तीन बैठका बसलो आणि तिन्ही भांडणात मोडल्या. कुणी म्हणतं सेंद्रिय शेती, कुणी पर्यटन. एकाला प्रदूषण न करणारा कारखाना चालेल, एकजण तर भर बैठकीत म्हणाला की भाव चांगला आला तर बघू. त्यावर त्याला फितूर म्हणाले. कातकरी वाडीतल्या बायका तिन्ही वेळा आल्या, पण एक शब्द बोलल्या नाहीत. समितीचे अध्यक्ष माझे चुलत सासरे आहेत. आबा म्हणतात, व्हिजन वगैरे काही नको, 'नोटीस रद्द करा' एवढंच बोला. मुलं म्हणतात, दिशा नसेल तर आंदोलन मरेल. दोन्हीकडची माणसं माझीच आहेत. काय करू?"

ताई,

उत्तर आधी देते. व्हिजनचा मसुदा सध्या बाजूला ठेवा, त्यासाठी चौथी बैठक लावू नका. पण त्या तीन बैठकांत जे बाहेर आलं ते विसरूही नका. तुमच्या समितीला खरा धोका कुठून आहे ते तिथं दिसलंय. त्याचा बंदोबस्त कागदावर करावा लागेल, आणि आबांच्या एका वाक्यात तो होणार नाही.

मुलांपासून सुरुवात करू. स्वप्न एक असल्याशिवाय माणसं एकत्र लढत नाहीत, हे म्हणणं निदान महाराष्ट्रात तरी टिकत नाही. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. त्यात एस. एम. जोशींचे समाजवादी होते, डांग्यांचे कम्युनिस्ट होते, शेतकरी कामगार पक्ष होता, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन होतं, आणि १९५७च्या निवडणुकीत जनसंघसुद्धा समितीबरोबर होता. या सगळ्यांना एका खोलीत बसवून 'उद्याचा महाराष्ट्र कसा असावा' यावर एक पान लिहायला सांगितलं असतं, तर पहिला परिच्छेदही पुरा झाला नसता. जमीन कुणाची, कारखाने कुणाचे, धर्माचं काय करायचं, जातीचं काय करायचं, कशावरच एकमत नव्हतं. १९५६च्या नोव्हेंबरात सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले, त्यावर समाजवादी आणि कम्युनिस्ट एकमेकांच्या समोरासमोर उभे होते. तरी मुंबईसह मराठी भाषकांचं एक राज्य ही मागणी सगळ्यांची होती. तिच्यासाठी गिरणी कामगारांपासून शाहिरांपर्यंत सगळे रस्त्यावर राहिले, शंभरावर माणसांनी जीव दिला, आणि १ मे १९६० ला राज्य झालं. त्यानंतर समिती विस्कटली आणि बेळगाव-कारवारचा प्रश्न मागे राहिला, तेही खरं. मुलं नेमकं त्यावर बोट ठेवतील. पण समितीनं आधी बसून सामायिक स्वप्न लिहिलं असतं तर ती १९६० नंतर टिकली असती, असं मला वाटत नाही. ती १९५६ सालीच फुटली असती.

तुमच्या बाजूचंच आणखी एक उदाहरण आहे. रायगडात महामुंबई सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र, येणार होता तेव्हा एन. डी. पाटलांच्या नेतृत्वाखाली पेण-उरणकडचे शेतकरी उभे राहिले. २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या बावीस गावांत सरकारला जनमत घ्यावं लागलं. प्रश्न एवढाच होता, की सेझला जमीन द्यायची की नाही. पुढची तीस वर्षं तुम्ही कोणतं पीक घेणार, तुमची मुलं शेती करणार का, हे कुणी विचारलं नाही आणि शेतकऱ्यांनीही ते ठरवायला एकमेकांना वेठीला धरलं नाही. धरणाचं पाणी मिळायचं ठरलेली जमीन आम्ही सोडणार नाही, एवढ्यावर गावं उभी राहिली. त्या जनमताचा निकाल सरकारनं कधी अधिकृतपणे जाहीर केला नाही. पण सेझही तिथं उभा राहिला नाही.

आणि लिहिलेला विचारच फुटीला कारण कसा ठरतो, ते दलित पँथरच्या बाबतीत दिसतं. १९७२ साली मुंबईत पँथर उभी राहिली, १९७३ साली तिचा जाहीरनामा निघाला. दलित म्हणजे कोण, याची त्यातली व्याख्या फार मोठी होती. अनुसूचित जाती-जमाती आणि नवबौद्ध तर होतेच, शिवाय कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया आणि राजकीय, आर्थिक, धार्मिक कारणांनी पिळले जाणारे सगळे त्यात होते. ती व्याख्या आजही अभ्यासली जाते, आणि मला ती मोलाची वाटते. पण त्या जाहीरनाम्यात कम्युनिस्ट विचार शिरलाय, असा पँथरचे एक संस्थापक राजा ढाले यांचा आक्षेप होता. दुसरे संस्थापक नामदेव ढसाळ दुसऱ्या बाजूला होते. १९७४ साली संघटना दुभंगली. कारणं आणखीही होती, व्यक्तींची होती, निवडणुकीची होती. पण आंबेडकरवाद आणि मार्क्सवाद यांचं नातं काय, हा पिढ्यान्‌पिढ्या चालणारा वाद एका तरुण संघटनेनं अत्याचारांविरुद्ध रोज रस्त्यावर लढताना अंगावर घेतला, आणि तो तिला पेलला नाही. तुमच्या सात गावांनी 'सेंद्रिय शेती की पर्यटन' हा वाद नोटिशीची टांगती तलवार डोक्यावर असताना मिटवायला घेऊ नये, असं मी म्हणते ते याच कारणासाठी.

आता आबा. "नोटीस रद्द करा" ही मागणी स्पष्ट आहे, म्हणून ती चांगली आहे. पण घोषणा एक असली म्हणजे माणसं एक असतात असं धरून चालू नका. मुळशीची हकीकत आबांना सांगा, त्यांना ती थोडीफार माहीतही असेल. १९२१च्या रामनवमीला पुण्याजवळच्या मुळशी पेट्यातल्या मावळ्यांनी, म्हणजे तिथल्या शेतकऱ्यांनी, टाटांच्या धरणाच्या कामावर सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे पुढे होते. 'जान किंवा जमीन' ही घोषणा होती, आणि यापेक्षा नेमकी घोषणा कुठली असणार? पण त्या पेट्यातल्या पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. कागदावर मालक सावकार, चिखलात उभा राहून भात लावणारा मावळा. सरकारनं १८९४च्या भूसंपादन कायद्याखाली कंपनीसाठी जमीन घ्यायचं ठरवल्यावर दोघंही विरोधात होते, दोघंही एकाच सभेत बसत होते. मात्र सावकाराला जमीन म्हणजे रक्कम. मोबदला मनासारखा मिळाला की त्याचं नुकसान भरून निघत होतं. मावळ्याचं भरून निघणारं नव्हतं, कारण मोबदला ज्याच्या नावावर जमीन त्याला, आणि याचं नाव बहुतेक ठिकाणी कुठंच नव्हतं. सावकार वाटाघाटींकडे वळले, नेते तुरुंगात गेले, आणि १९२४ पर्यंत सत्याग्रह संपला. धरण झालं.

मुळशीत स्वप्नाचा कागद नव्हता म्हणून काही अडलं नाही. कुणाचं काय जाणार आहे आणि कोण कशावर थांबू शकतं, हे वेळेवर उघड बोललं गेलं नाही, तिथं अडलं. तुमच्या बैठकीत "भाव चांगला आला तर बघू" म्हणणाऱ्या माणसानं ते उघड बोलून तुमच्यावर उपकार केलेत. त्याला फितूर म्हणणाऱ्यांना तुम्ही सचिव म्हणून थांबवायला हवं होतं, आणि पुढच्या वेळी थांबवा. त्याच्याकडे जा. कर्ज आहे का, घरात आजारपण आहे का, मुलं मुंबईत आणि शेत करायला कुणी नाही असं आहे का, विचारा. तसं म्हणणारे आणखी पाचपन्नास असतील आणि ते गप्प बसलेत. गप्प बसलेली माणसं सरकारी अधिकाऱ्याला संध्याकाळी एकट्यानं भेटतात.

मी इतक्या आंदोलनांत वावरले आणि इतक्यांचं जवळून वाचलं, त्यातून माझं मत पक्कं झालंय. आंदोलन दडपशाहीनं सहसा मोडत नाही. लाठी बसली की गावं जवळ येतात. ते मोडतं प्रस्ताव येतो तेव्हा. नर्मदेचं बघा. सरदार सरोवरात बुडणाऱ्या आदिवासींसाठी काम करणारे गट सुरुवातीला सगळीकडे माहिती आणि न्याय्य पुनर्वसनच मागत होते. १९८७च्या डिसेंबरात गुजरात सरकारनं धोरण बदललं. सज्ञान मुलांनाही आणि अतिक्रमणाची जमीन कसणाऱ्यांनाही दोन हेक्टर जमीन द्यायचं कबूल केलं. गुजरातेत त्यासाठीच वर्षानुवर्षं झटलेल्या आर्च-वाहिनी या संस्थेला तो आपला विजय वाटला आणि त्यांनी पुनर्वसनाचं काम हाती घेतलं. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशातल्या गावांत काम करणाऱ्या मेधा पाटकर आणि त्यांच्या साथींना दिसत होतं की इतकी जमीन कुठंच नाही आणि कागदावरचं वचन कागदावरच राहणार. १९८८च्या ऑगस्टमध्ये त्यांनी धरणाला संपूर्ण विरोध जाहीर केला. दोन्हीकडची माणसं प्रामाणिक होती, दोघांनी आयुष्य त्यात घातलं होतं. पण इथून पुढं वाटा वेगळ्या झाल्या त्या कायमच्या. प्रस्ताव आल्यावर तो कुणी, कसा, कुणाला विचारून तोलायचा, हे तीन राज्यांत मिळून ठरलेलं नव्हतं.

याच्या उलट दिल्लीच्या सीमेवर २०२०-२१ साली केंद्राच्या तीन कृषी कायद्यांविरुद्धच्या आंदोलनात झालं. संयुक्त किसान मोर्चात चाळीसच्या आसपास संघटना, त्यांत डावे होते, खापांशी (उत्तरेकडच्या जातपंचायतींशी) जोडलेले टिकैतांसारखे नेते होते, मोठ्या बागायतदारांचे होते, संघाच्या वर्तुळातून बाहेर पडलेलेही होते. शेतीचं भवितव्य काय, यावर त्यांचा एकही समान कागद झाला नसता. पण ५ डिसेंबर २०२० च्या बैठकीत मंत्री पुन्हा पुन्हा कायद्यांतल्या दुरुस्त्या समजावू लागले, तेव्हा सगळे नेते बोलायचे थांबले आणि 'येस ऑर नो' लिहिलेले कागद हातात धरून बसले. कायदे मागे घेणार का, हो की नाही, एवढंच सांगा. विज्ञान भवनात सरकारी जेवण न घेता लंगरातून आलेलं जेवण ते जमिनीवर बसून जेवले. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती २० जानेवारी २०२१ ची गोष्ट. त्या दिवशी सरकारनं दीड वर्ष कायदे स्थगित ठेवायचा प्रस्ताव दिला. कडाक्याची थंडी होती, माणसं रस्त्यावर मरत होती, आणि प्रस्ताव खरंच मोठा होता. नेत्यांनी तिथल्या तिथं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. आम्ही परत जाऊन विचारतो, म्हणाले. दुसऱ्या दिवशी मोर्चाची सर्वसाधारण बैठक झाली आणि तिनं तो नाकारला. १९ नोव्हेंबर २०२१ ला कायदे मागे घेण्याची घोषणा झाली. डिसेंबरात माणसं घरी गेली, आणि त्याच महिन्यात पंजाबातल्या काही संघटनांनी निवडणूक लढवायचं ठरवल्यावर मोर्चात फूट पडली. तोवर कायदे गेले होते.

तुमच्याकडे प्रस्ताव कसा येईल ते मी आत्ताच सांगू शकते. "सातातली तीन गावं वगळतो", असा येईल. वगळलेल्या गावांतली माणसं उद्यापासून मोर्चाला यायची बंद होतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही. किंवा "आंब्याच्या बागा सोडतो, नुसता कातळ घेतो" असा येईल. कातळावर गुरं कुणाची चरतात, पावसाळ्यात तिथली भाजी कोण खुडतं, हे मोबदल्याच्या तक्त्यात नसतं. किंवा दर दुप्पट होईल, परताव्याचा भूखंड मिळेल, घरटी एक नोकरी म्हणतील. कदाचित कुणी पुढारी येऊन "मी साहेबांशी बोललोय, आता उपोषण सोडा" म्हणेल. यातलं काहीही आलं की त्या रात्री तुमच्या समितीचं काय होतं, यावर पुढचं सगळं ठरणार आहे. म्हणून जे लिहायचं ते त्या रात्रीसाठी लिहा.

म्हणजे असं काहीतरी. शब्द तुमचे घाला, तुमच्या ग्रामसभेत जसे बोलता तसे:

"आम्ही सात गावांचे रहिवासी ठरवतो, की जमीन संपादनाच्या नोटिसा सातही गावांपुरत्या पूर्ण रद्द व्हाव्यात, ही आमची मागणी आहे. काही गावं किंवा काही गट नंबर वगळायचा प्रस्ताव आला, तर तो कोणत्याही गावानं एकट्यानं मान्य करायचा नाही. बोलणी करायला प्रत्येक गावातून दोन माणसं जातील, त्यांत एक बाई असेल. कातकरी वाडीची दोन माणसं वेगळी असतील. अधिकाऱ्याला, दलालाला किंवा पुढाऱ्याला समितीच्या कुणीही एकट्यानं भेटायचं नाही. बोलणीत जागेवर काही कबूल करायचं नाही. प्रस्ताव लेखी घ्यायचा, प्रत्येक वाडीत वाचून दाखवायचा आणि आठ दिवसांनी निर्णय करायचा. निर्णयात जमिनीच्या मालकाइतकंच मत कुळाचं, मजुराचं आणि खाडी-जंगलावर पोट असणाऱ्याचं धरायचं. ज्याला जमीन द्यावीशी वाटते त्यानं आधी बैठकीत येऊन सांगावं. त्याला कुणी वाळीत टाकणार नाही."

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलंय. आपल्या कोकणात गावकीचा राग कुठपर्यंत जातो ते तुम्हाला सांगायला नको. विहीर बंद, लग्नाचं आमंत्रण बंद, मर्तिकाला खांदा द्यायलाही कुणी नाही. सामाजिक बहिष्कार हा २०१६च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि तशी एक तक्रार झाली तर तुमच्या आख्ख्या समितीला चौकीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील. पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. ज्या आंदोलनात माणूस 'मला भीती वाटते' म्हणू शकत नाही, तिथं तो ऐनवेळी दगा देतो.

आता कातकरी वाडी. ताई, तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त बोचलेली ओळ ती आहे. त्या बायका तीनदा आल्या, म्हणजे त्यांना आस्था आहे. बोलल्या नाहीत, कारण तिथं प्रश्नच असा होता की ज्याच्याजवळ जमीन आहे त्यानं तिचं पुढं काय करायचं ते सांगावं. त्यांच्या पायाखालची घराची जागाही बहुतेक दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर असेल. कारखाना आला तर त्यांना मोबदला नाही, आणि कारखाना रद्द झाला तरी घर त्यांच्या नावावर होणार नाही. मग तुमच्या मोर्चात त्या उन्हात का चालतात? त्यांना विचारा, आणि विचारायला शाळेत बोलावू नका, वाडीत जा. दिवाळीनंतर ती कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघून जातात, तेव्हा जायचं तर त्याआधी जा. मला खात्री वाटते, की त्या घरठाणाची गोष्ट काढतील. आणि ती काढली की गावातले काही खातेदार अस्वस्थ होतील, कारण ती जागा त्यांचीच असेल. तरी ते बोलणं व्हायला हवं. मुळशीत मावळा आणि सावकार यांच्यात जे बोलणं झालं नाही, ते तुमच्याकडे खातेदार आणि कातकरी यांच्यात व्हायचं बाकी आहे. त्यांचं घरठाण मिळवून द्यायला समिती त्यांच्याबरोबर उभी राहील, हे ठरावात एका ओळीत आलं तर मला फार बरं वाटेल. ते न्यायाचं आहे, म्हणून ते करावं. आणि त्यानं लढाही मजबूत होतो.

मुंबईच्या मुलांचं म्हणणं मी अर्धं मोडीत काढलं, पण अर्ध्यात तथ्य आहे. पत्रकार, जिल्हाधिकारी, तालुक्याच्या बाजारातला दुकानदार, सगळे विचारतात, "मग तुम्हाला पाहिजे काय? पोरं मुंबईला गेली, इथं कोण राहिलंय?" त्याला उत्तर लागतं. ते उत्तर स्वप्नात शोधण्याआधी जे आज आहे ते मोजा. सात गावांत आंब्याची कलमं किती, हंगामात पेट्या किती जातात, भाताखाली क्षेत्र किती, काजूवर किती घरं चालतात, खाडीतल्या मासळीवर किती, दूध किती, मजुरीचे दिवस किती. विकासविरोधी म्हणून हिणवणाऱ्या माणसासमोर हा हिशेब ठेवा. असा हिशेब करायला शिकलेल्या मुलांचा खरा उपयोग आहे, आणि त्यात भांडायला फारसं काही नाही.

त्यांच्यासाठी दुसरं काम याहून निकडीचं आहे. आपल्याकडे एकेका सातबाऱ्यावर वीस-वीस, तीस-तीस नावं असतात. निम्मी नावं परळ-डोंबिवली-विरारला राहतात. गावातला भाऊ बांधावर आडवा पडलेला असतो आणि मुंबईतल्या चुलत्याकडे दलाल येऊन हिश्श्याचं साठेखत किंवा कुलमुखत्यारपत्र करून घेतो. प्रकल्पाची बातमी फुटली की हे सगळीकडे होतं. मंडळातल्या मुलांनी गावनिहाय याद्या कराव्या, प्रत्येक हिस्सेदाराच्या घरी जाऊन सांगावं की समितीला विचारल्याशिवाय कशावर सही करू नका, आणि तसं लेखी घ्यावं. चार्ट पेपरवर स्वप्न लिहिण्यापेक्षा हे कंटाळवाणं आहे, मला कळतं. पण गावाबाहेर राहून गाव वाचवायचं यापेक्षा थेट काम मला तरी दुसरं माहीत नाही.

आणि स्वप्नाचं म्हणाल तर ते येतं, कामातून येतं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचं नाव सगळ्यांनी ऐकलंय. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा इतकी सुंदर आहे की ती आधी कुणीतरी बसून रचली असेल असं वाटतं. तसं नाही. १९८०च्या दशकात इंद्रावती-गोदावरीवरच्या धरणांविरुद्ध आदिवासी उभे राहिले, त्या लढ्यातून गावाला आपल्या जंगलाचा आणि आपल्या निर्णयाचा विचार करायची सवय लागली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासोबत गावानं अभ्यास गट चालवले, सर्वसहमतीशिवाय निर्णय करायचा नाही अशी शिस्त लावून घेतली. वर्षानुवर्षं. २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हातात आले. नर्मदेच्या काठी अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरात जीवनशाळा निघाल्या त्याही अशाच. सरकारी शाळा कागदावर होत्या, मास्तर येत नव्हते, आणि गावं बुडणार म्हणून कुणी लक्षही देत नव्हतं. तेव्हा लढणाऱ्या गावांनी आपल्याच शाळा काढल्या. शिक्षण कसं असावं याचा विचार त्या शाळा चालवता चालवता झाला.

तुमच्याकडेही सुरुवात झालेली आहे, फक्त तिला कुणी नाव दिलेलं नाही. मोजणी परत पाठवणाऱ्या बायका आज दर आठवड्याला भेटत असतील. त्यातून आंब्याची एकत्र विक्री निघेल, किंवा गावच्या जमिनीची विक्री आधी गावाला विचारूनच करायची असा नियम निघेल, किंवा आणखी काही, जे मला इथं बसून दिसत नाही. निघेल तेव्हा लिहा. एका गावात निघालं आणि सहा गावांत नाही, तरी चालेल.

त्या संस्थेशी भांडू नका. त्यांच्या कामाच्या पद्धतीत असा कागद लागतो, आणि त्यांचा हेतू वाईट नसेल. मात्र सात गावांच्या वतीनं कुठलाही मजकूर बाहेर जाण्याआधी तो मराठीत समितीपुढे वाचला गेला पाहिजे, हे त्यांना नम्रपणे आणि लेखी सांगा.

आबांशी बोलताना मुलांची बाजू घेऊन जाऊ नका, ते ऐकणार नाहीत. त्यांना विचारा, "आबा, उद्या प्रांतांनी तुम्हाला एकट्याला बोलावून सांगितलं की तुमचं गाव वगळतो, तर तुम्ही काय करणार?" ते चिडतील. चिडू द्या. दोन दिवसांनी तेच तुम्हाला ठराव लिहायला बसवतील, असा माझा अंदाज आहे, कारण माणूस खरा असला की या प्रश्नाचं उत्तर त्याला एकट्याच्या खांद्यावर नको असतं.

बैठक रविवारी लावा, म्हणजे मुंबईची मंडळी येऊ शकतील. मसुदा आधी सातही गावांत आणि वाडीत वाचलेला असू द्या. बैठकीत तो मोठ्यानं वाचा, एकेका ओळीवर थांबा, ज्या ओळीवर वाद होईल ती त्या दिवशी सोडून द्या आणि बाकीच्यांवर सह्या-अंगठे घ्या. मागणीचा आणि कोणाशी बोलायचं त्याचा भाग वेगळ्या कागदावर उतरवून प्रांत कार्यालयात आणि जिल्हाधिकारी कार्यालयात द्या, आवक क्रमांक आणि शिक्का घेतलेली पोच फाइलला लावा. आपसातल्या वागण्याचा भाग बाहेर द्यायची गरज नाही. तो तुमच्या इतिवृत्ताच्या वहीत राहू द्या, आणि वही आबांच्या कपाटात नको, तिची झेरॉक्स प्रत्येक गावात हवी.